पहिलीच्या प्रवेशाचा फ्लेक्स

रस्त्यावरच्या पाट्या न वाचता चालणारी माणसं मला फार सुखी वाटतात. माझं तसं नाही. पोटापाण्यासाठी मी आयुष्यभर मुद्रितं तपासत आले, म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या. त्यामुळे अक्षर दिसलं की डोळा तिथे जातोच, आणि मुलुंडमध्ये अक्षर कुठे नाही? भाजीवाल्याच्या डोक्यावर अक्षर, विजेच्या खांबावर अक्षर, रिक्षाच्या पाठीवर अक्षर. स्टेशनपासून आमच्या इमारतीपर्यंत चालत आले की घरात शिरताना माझं डोकं फिरलेलं असतं. नवरा चेहऱ्याकडे बघून विचारतो, "आज काय, ऱ्हस्व की दीर्घ?" त्याला ते गमतीचं वाटतं.

'येथे गाडी लावु नये' ही पाटी आमच्याच सोसायटीच्या फाटकावर आहे. मी सेक्रेटरींना सांगितलं, लावू, दीर्घ हवं. ते म्हणाले, "मॅडम, लोक गाड्या लावतातच. दीर्घ लिहून काय थांबणार आहेत?" गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानावर 'लेडीज जेंट्स शिवून मिळतील' असं लिहिलेलं आहे. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "गिऱ्हाईक येतं ना, बस." हे दोघेही माझ्याशी अजून नीट बोलतात, हा त्यांचा मोठेपणा.

शिंप्याचं एक वेळ सोडा. त्याला शिवता येतं, तेवढं पुरे. पण नाहूरच्या पुलाकडून जाताना बिल्डरांच्या ज्या मोठाल्या जाहिराती दिसतात, त्यांचं काय? एकीवर स्विमिंग पुलात तरंगणारं कुटुंब आणि खाली 'तुम्ही लायक आहात या जीवनाचे'. शेजारी दुसरी, 'खुला आहे आकाश, मर्यादित काळासाठी'. मराठीत आकाश खुलं असतं, आणि त्याला मुदत नसते. हे कुणी लिहिलं? कुणीच नाही. यंत्रात इंग्रजी टाकलं, यंत्रातून हे पडलं, आणि ते वाचण्याची गरज एकाही माणसाला वाटली नाही. इंग्रजी जाहिरातीतल्या एका स्वल्पविरामावर पवईच्या कुठल्याशा काचेच्या ऑफिसात चार माणसं दिवसभर भांडली असतील. मराठीच्या वाट्याला एक बटण.

माझ्या रागाचं मूळ हे आहे. चूक कुणाचीही होते, माझ्याही नजरेतून सुटते. पण चूक राहिली तरी चालेल, वाचणारे काय, मराठीच लोक, असं ठरवून कुणी लिहिलं की मला ती शिवी वाटते. आपल्या स्वयंपाकघरात कुणीतरी चपला घालून फिरावं आणि वर आपल्यालाच म्हणावं, एवढं काय मनावर घेता, तसं वाटतं. मी घेते मनावर.

तर यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. माझी धाकटी बहीण डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळ सोडून इकडे आलेल्या कोकणी घरांतली मुलं त्या शाळेत भरभरून येत. आता येत नाहीत. त्यामुळे मे महिन्यात इतर शाळांच्या बाई गावाला आंबे खायला जातात आणि मराठी शाळेच्या बाई पहिलीसाठी मुलं गोळा करायला निघतात. दारोदार. खांद्याला पर्स, हातात पत्रकांचा गठ्ठा, पायात उन्हाने तापलेल्या चपला. बेल वाजवायची आणि म्हणायचं, "घरात पाच-सहा वर्षांचं कुणी आहे का?" बाहेरच्या माणसाला हे ऐकून विचित्र वाटेल. मराठी शाळेतल्या शिक्षिकेला ते नोकरीचाच भाग वाटतं.

यंदा मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं होतं, की वर्ग भरण्याइतकी मुलं मिळाली नाहीत तर पहिली उघडणार नाही. वर्ग नाही म्हणजे बहीण 'अतिरिक्त' ठरणार, मग सरकार पाठवेल त्या शाळेत आणि देईल तो वर्ग. नोकरी जाणार नव्हती. पण तिला पहिलीच हवी असते. नोकरीला लागल्यापासून तिने दुसरा वर्ग मागितलेला नाही. बोट धरून गिरवता गिरवता एक दिवस पोराच्या हातून आपलं आपण अक्षर उमटतं आणि ते मान वर करून बघतं, ते म्हणे दुसऱ्या कुठल्याच इयत्तेत बघायला मिळत नाही. मला मुलांची विशेष आवड नाही, पण हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होतो.

अशात विभागातले भाऊ मदतीला धावले. भाऊ म्हणजे कोण ते सांगायला नको, प्रत्येक विभागात एक भाऊ असतोच. त्यांनी शाळेला प्रवेशाचा मोठा फ्लेक्स फुकट करून दिला आणि नाक्यावर लावला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा हातात दुधाच्या पिशव्या होत्या. फ्लेक्सच्या वरच्या बाजूला पक्षाच्या थोरामोठ्यांचे चेहरे. मधोमध भाऊ. खाली दोन्ही कडांना पासपोर्टच्या आकाराचे कार्यकर्ते, काळा चष्मा लावलेले, मोबाइल कानाला धरलेले. या सगळ्यांमधून उरलेल्या जागेत मजकूर होता. 'मराठी माध्यमात प्रवेश सुरु'. 'गुणवत्ता पुर्ण शिक्षण'. 'विद्यार्थ्यांनसाठी मोफत पाठयपुस्तके'. 'आपल्या पाल्याचा प्रवेश आजच निश्चीत करा' आणि पुढे उद्गारचिन्हांची रांगच्या रांग. सगळ्यात खाली 'शुभेच्छूक'.

शिंप्याने केलं तर केलं. शाळेच्या पाटीवर? मी तिथूनच बहिणीला फोन लावला.

"बघितलास का तो फ्लेक्स?"

"बघितला."

"मग?"

"ताई, फुकट मिळालाय. गप बस ना जरा."

मी दोन-तीन दिवस गप्प बसले, म्हणजे फक्त नवऱ्याशी बोलले. मग बहीणच एका संध्याकाळी आली. तोंड उतरलेलं. कुणीतरी फ्लेक्सचा फोटो काढून, चुकांभोवती लाल गोल करून व्हॉट्सॲपवर फिरवला होता, आणि ती ज्या इमारतीत पत्रकं वाटायला गेली तिथे एका बापाने दारातच तो तिच्यापुढे धरला. "मॅडम, तुमच्याच बोर्डाची ही वाट लागली आहे, आमच्या पोरांना काय शिकवणार?" असं म्हणाला आणि हसला. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे, तिच्या वहीत कधी कुणाला काना कमी सापडलेला नाही, आणि एका शब्दालाही तिचा हात न लागलेल्या फ्लेक्ससाठी तिला दारात उभं राहून ऐकून घ्यावं लागलं. मला त्या बापाचा राग आलाच, पण भाऊंचा जास्त आला. मी फ्लेक्सवरचा सगळा मजकूर कागदावर उतरवला, लाल शाईने दुरुस्त केला आणि बहिणीला घेऊन दुसऱ्याच दिवशी भाऊंच्या संपर्क कार्यालयात गेले.

तिथे आम्ही जे पाहिलं ते मी विसरणार नाही. कुठल्याशा वाढदिवसाच्या फ्लेक्सचं काम चाललं होतं. ऑपरेटर लॅपटॉप घेऊन बसलेला, आणि त्याच्या पाठीमागे चार-पाच कार्यकर्ते वाकून स्क्रीनकडे बघत होते. मला वाटलं, अरे वा, तपासतात तर हे लोक. तपासतच होते, पण चेहरे.

"मोठ्या साहेबांचा फोटो भाऊंच्या वर पाहिजे, रे. बरोबरीला नको."

"ताईंना डावीकडे टाकलंस? वेडा आहेस का तू? उजवीकडे घे, नाहीतर फोन येईल."

"हा याचा फोटो केवढा घेतलास? काल आला पक्षात तो."

कोण कुणाच्या वर, कोण किती बोटं खाली, कुणाच्या नावाआधी 'मा.' आणि कुणाच्या आधी नुसतं 'श्री.', यावर ते तासभर खल करत होते. इतकं बारीक काम मी छापखान्यातही पाहिलेलं नाही. आणि मजकुरात 'वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छा' असं ढळढळीत लिहिलेलं, त्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांना तपासता येत नाही, हा माझा गैरसमज होता. उत्तम येतं. फक्त भाषेच्या चुकीबद्दल फोन येत नाही.

मी लाल शाईचा कागद पुढे केला. एका कार्यकर्त्याने तो उलटसुलट करून पाहिला. "एवढ्या चुका?" तो म्हणाला. "पण मॅडम, खरं सांगू का, पब्लिक वाचत नाही. पब्लिक फोटो बघते."

"मग मजकूर काढूनच टाका," मी म्हणाले. बहिणीने माझा दंड दाबला.

तेवढ्यात भाऊ आले. त्यांनी आम्हाला हात जोडले, चहा मागवला, कागद डोळ्यांजवळ नेला. "मराठी आपली माय आहे, ताई," ते म्हणाले. "तिच्यात चूक चालणार नाही. बदलून घ्या रे लगेच." एवढं मधाळ बोलणं ऐकून मला तोंडातला चहा कडू लागला. पण बहिणीचा जीव भांड्यात पडला आणि येताना ती मला म्हणाली, "बघ, उगाच चिडतेस. माणूस चांगला आहे."

चार दिवसांत नवा फ्लेक्स लागला. मी चष्मा पुसून नाक्यावर उभी राहिले आणि एकेक शब्द वाचला. 'प्रवेश सुरू' बरोबर. 'गुणवत्तापूर्ण' बरोबर, एका शब्दात. 'पाठ्यपुस्तके' बरोबर. उद्गारचिन्ह एकच. 'शुभेच्छुक' बरोबर. माझं म्हणणं संपूर्ण मुलुंडमध्ये कुणीतरी पहिल्यांदाच ऐकलं होतं. शाळेचं नाव मात्र फ्लेक्सवर नव्हतं. मधल्या चार दिवसांत भाऊंची कुठल्याशा समितीवर नेमणूक झाली होती, त्यामुळे आता त्यांचा उभा, कमरेपर्यंतचा, हात जोडलेला फोटो आला होता. शाळेचं नाव आणि पत्ता त्या जोडलेल्या हातांच्या मागे गेला होता. मराठी माध्यमात प्रवेश सुरू होते, शुद्ध मराठीत सुरू होते, फक्त कुठे ते कळत नव्हतं.

मी कार्यालयात फोन केला. "पुढच्या वेळी बघू," असं उत्तर मिळालं. बहिणीने पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात शाळेचं नाव लिहून फ्लेक्सच्या खालच्या कडेला बांधलं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी ते ओढून काढलं, कारण त्याच्यामागे एका युवा कार्यकर्त्याचा चेहरा झाकला जात होता. ती दुसऱ्यांदा पुठ्ठा घेऊन निघाली तेव्हा मीच तिला अडवलं. माझ्या बहिणीने नाक्यावर खुर्चीवर चढून त्या चेहऱ्यांच्या पायाशी आपल्या शाळेला जागा मागावी, हे मला बघवेना.

उरलेले दिवस मी तिच्यासोबत दारोदार फिरले. तिचे पाय सुजत होते, आणि तिला एकटीला कुणी काही बोललं तर ती ऐकून घेते. माझ्यासमोर बोलायची हिंमत कमी जणांना होते. मुलं मिळत होती, पण थोडी. एका झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत एक कुटुंब होतं, त्यांच्यावर तिची फार भिस्त होती. मालवणकडची माणसं. घरातला बाप आणि त्याचा बाप, दोघेही तिच्याच शाळेत शिकलेले नसले तरी मराठीतच शिकलेले. पहिलीच्या वयाची एक मुलगी. त्यांची मुलगी आली तर त्याच मजल्यावरची आणखी दोन येणार होती. त्यांची तशी बोलणी झाली होती.

दार आजीने उघडलं. "येवा, बसा," म्हणाली. मुलगी आधी दाराआड लपली, मग हळूच बहिणीच्या शेजारी येऊन बसली आणि तिच्या पर्सची चेन उघडझाप करू लागली. बहिणीने तिला आपलं पेन दिलं. पाच मिनिटांत पत्रकाच्या पाठीवर तिने एक वाकडा 'ग' काढला, आणि बहिणीकडे मान वर करून पाहिलं. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, ही आली.

"आजी, मग देताय ना नातीला आमच्याकडे?"

"माका काय इचारतास? घरात माझा कोण ऐकता? सुनेक इचारा."

सून घाटकोपरच्या एका मॉलमध्ये बिलिंगला होती. ती ड्युटीवरून आली, चप्पल काढली, पाणी प्यायली आणि आमच्या समोर बसली. बहिणीने नेहमीचं सगळं सांगितलं. मातृभाषेतून मुलाला लवकर समजतं, इंग्रजीही आम्ही पहिलीपासून शिकवतो, पुस्तकं, गणवेश. ती मध्ये न बोलता ऐकत होती. मी तयारीत होते. ती फ्लेक्सच्या चुका काढेल, मग मी सांगेन की फ्लेक्स आम्ही लिहिला नव्हता, आणि आता तो दुरुस्त आहे, जाऊन बघ.

"मॅडम, नाक्यावरचा बोर्ड तुमचाच ना?" ती म्हणाली.

"हो. पण त्यातल्या चुका आता..." मी सुरुवात केली.

"चुकांचं सोडा हो. आम्हाला कुठे एवढं कळतं. मला एवढंच सांगा, त्या बोर्डावर जेवढ्यांचे फोटो आहेत ना, त्यांच्यातल्या एकाचं तरी पोर तुमच्या शाळेत आहे का?"

बहिणीला खोटं बोलता येत नाही. "नाही," ती म्हणाली.

"मग मराठी वाचवायला आमचीच पोरगी कशाला?"

आवाज चढवून नाही म्हणाली ती. दमलेल्या बाईने विचारावं तसं विचारलं. मला तिच्यावर तुटून पडायचं होतं. माझ्याकडे शब्द भरपूर असतात, एरवी मागून घेणारं कुणी मिळत नाही. पण तो फ्लेक्स मी इतक्या वेळा वाचला होता, प्रत्येक वेलांटी बघितली होती, आणि हा प्रश्न काही मला सुचला नव्हता. मी पण तिथे मजकूरच वाचत होते. ती चेहरे वाचून आली होती.

बहिणीने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, पेन तिच्याकडेच राहू दिलं आणि उठली. जिन्यात तिने मला विचारलं, "पुढचं घर कितव्या मजल्यावर?" मला तिचाही राग आला. रडली असती तर बरं झालं असतं.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिली उघडली नाही. जी थोडी मुलं आली होती त्यांना शेजारच्या शाळेत पाठवलं आणि बहीण अतिरिक्त ठरली. नव्या शाळेचा आदेश येईपर्यंत तिला ऑफिसात बसवून ठेवलं, दाखल्यांवर शिक्के मारायला. तिचा वर्ग समोरच होता. त्यात आता जुनी बाकं रचून ठेवली होती. ती घरी येऊन काही सांगत नसे, मीच खोदून खोदून विचारत असे आणि मग रात्रीचं जेवण मला जात नसे. नाक्यावर 'प्रवेश सुरू'चा फ्लेक्स तसाच उभा होता, एकही चूक नसलेला. त्याच्याकडे बघितलं की माझ्या अंगाची लाही लाही होत असे. त्यापेक्षा जुना बरा होता, निदान तो काय आहे ते लपवत नव्हता.

एका सकाळी तिथेच ती सून दिसली. शेजारी मुलगी, गळ्यात टाय, पाठीला तिच्यापेक्षा मोठं दप्तर, इंग्रजी शाळेच्या बसची वाट बघत. मी न बघितल्यासारखं करून पुढे निघाले तर तिनेच हाक मारली.

"मॅडम, त्या दुसऱ्या बाई तुमच्या बहीण ना? त्या शिकवणी घेतात का हो? हिला मराठी विषय आहे शाळेत. कुणी नीट शिकवत नाही, नुसता होमवर्क मोबाइलवर टाकतात. मला टाइम होत नाही, आणि ही तर सारखी म्हणते, पेनवाल्या बाईकडे जायचं."

मी असं बोलायला नको होतं, असं म्हणणार नाही. बोलायलाच हवं होतं. "शाळा होती की," मी म्हणाले. "बहीण पूर्ण दिवस शिकवत होती. दारात आली होती तुमच्या. तेव्हा तुम्ही दिलं नाहीत, आता तिचा वर्ग बंद पडला आणि तुम्हाला बाई हवी?"

तिने ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "पण विचारा ना त्यांना." मग बस आली.

बहिणीला सांगू नये असंच माझ्या मनात होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही, आणि त्यात संताप तर नाहीच. संध्याकाळी तिच्याकडे गेले. ती ओट्यापाशी भेंडी चिरत होती. मी त्या बाईची नक्कल करून, मुलीच्या टायसकट, मोबाइलवरच्या होमवर्कसकट सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "बघ, आहे का काही लाज?"

ती सुरी खाली ठेवून हात पुसायला लागली.

"कधीपासून म्हणाली?"

"काय कधीपासून?"

"शिकवणी गं. उद्यापासून ये म्हणून सांग तिला. साडेपाचला मी घरी असते."

"तू वेडी आहेस का?" मी ओरडले. माझा आवाज शेजारी गेला असणार. "जिच्यामुळे तुझा वर्ग बुडाला, तिच्याच मुलीला घरात घेणार तू? इंग्रजी शाळेतल्या मुलीला? काही स्वाभिमान आहे की नाही तुला?"

"ओरड तू हवं तेवढं, ताई," ती म्हणाली. "पहिलीला एक तरी मूल आलं ना माझ्याकडे."